पात्राबाहेरची पंचगंगा

पावसाळ्यात कोल्हापूरकर सकाळी उठला की आधी विचारतो, "राजाराम बंधाऱ्यावर किती फूट?" हा पंचगंगा नदीवरचा बंधारा; तिथं पाणी ३९ फुटांना गेलं की इशारा, ४३ ला धोका. पाणी चढू लागलं की 'पंचगंगा पात्राबाहेर' ही बातमी ठरलेली. मला हा शब्द दरवेळी खटकतो. नदीचं पात्र कुठवर आहे हे उन्हाळ्यातली धार बघून ठरत नाही. त्यासाठी बरंच मागं जावं लागतं.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्ह्याचे थरावर थर पसरले, निवले आणि त्यांचा काळा पाषाण झाला. पन्हाळा नव्हता, जोतिबाचा डोंगर नव्हता. सगळं सलग पठार. माथ्यावरचा खडक ऊनपावसात कुजून त्याचा जांभा झाला. मग पाणी कातळाच्या भेगांत शिरलं, ओढे झाले, ओढ्यांच्या नद्या झाल्या आणि तळाशी दगडगोटे घासत त्यांनी दऱ्या कोरल्या. जांभ्याची टोपी टिकली तिथला माथा उरला. पन्हाळ्यावरून भोवतीच्या डोंगरांचे सपाट माथे दिसतात, ते त्याच जुन्या पठाराचे तुकडे. मधलं सगळं पाण्यानं नेलं.

गगनबावड्याहून कोकणचा समुद्र हाकेच्या अंतरावर वाटतो, तरी तिथली कुंभी नदी पूर्वेला वळते आणि तिचं पाणी पार बंगालच्या उपसागराला जातं. घाटमाथ्यावर पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या घरात, कोल्हापुरात हजाराच्या आसपास. म्हणजे शहरात ऊन असतानाही नदी फुगू शकते. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती मिळून प्रयाग चिखलीला पंचगंगा होते, तिथं डोंगरउतार संपलेला असतो. वेग मंदावला की नदी ओझं टाकते: आधी गोटे, मग वाळू, शेवटी मऊ गाळ. वळणाच्या बाहेरच्या अंगाला ती काठ खाते, आतल्या अंगाला गाळाची मळी भरते. आज ऊस डोलतो ती काठची रानं अशी पुरापुरानं साचत गेली.

हे जुन्या लोकांना पुरतं ठाऊक असावं. काठावरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ च्या उत्खननात सातवाहनकालीन वस्ती सापडली. माणसं पाण्याजवळ राहिली, पण उंचावर. नंतरचं शहर जयंती नाल्याच्या सखल अंगानंही पसरलं. खाली नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते; तिथं कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेला वाट मिळत नाही. पाणी तुंबतं, नाल्यांतून उलटं चढतं आणि शहरातल्या सुतारवाड्यातली घरं सगळ्यांत आधी रिकामी करावी लागतात.

२०१९ मध्ये बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर पाणी गेलं, २०२१ मध्ये ५६ च्या वर. ओसरल्यावर लोकांनी घरांतून खोऱ्यानं चिखल उपसला. शेताची माती ज्या गाळाची झाली, त्याचाच तो सगळ्यांत ताजा थर होता.