काच धुण्यासाठी पावसाचं पाणी : नाशिकमधल्या प्रश्नाची पार्श्वभूमी

काचा धुण्याच्या धंद्यात पाण्याच्या शुद्धतेचा प्रश्न पूर्वी फारसा नव्हता. साबणाचं पाणी लावायचं आणि वायपरने ओढून घ्यायचं, म्हणजे काचेवर वाळायला पाणी उरतच नसे. एकाच रबरी पातीचा तो पितळी वायपर इटलीहून कॅलिफोर्नियात गेलेल्या एका काच पुसणाऱ्याने १९३६ साली पेटंट करून घेतला. आज कॉलेज रोडच्या दुकानांत सकाळी फिरतो तो त्याचाच प्लास्टिकचा वारस. प्रश्न आला तो लांब दांड्याच्या ब्रशबरोबर. जमिनीवर उभं राहून तीन-चार मजले वर ब्रश फिरवायचा, ब्रशमधूनच पाणी सोडायचं आणि काच तशीच वाळू द्यायची. वर पुसायला कोणीच नसल्याने पाण्यात जे विरघळलेलं असेल ते काचेवर पांढरं होऊन बसतं. म्हणून क्षार नसलेलं पाणी लागतं, आणि नाशिकला ते पावसाचं वापरता येईल का, हा इथला प्रश्न.

हे दांडे पसरले ते ब्रिटनमुळे. तिथे २००५ साली उंचीवरच्या कामाचे नियम आले. जे काम जमिनीवरून होऊ शकतं त्यासाठी माणूस वर चढवू नका, असा त्यांचा रोख. शिडीवाले दांड्यांकडे वळले. पाण्यातले क्षार काढायला लागणारं तंत्र तोवर जुनं झालेलं होतं. क्षार धरून ठेवणारं कृत्रिम रेझिन इंग्लंडमध्ये १९३५ सालचं, आणि आरओचा वापरण्याजोगा पडदा कॅलिफोर्नियात १९६० च्या सुमाराचा. तो पडदा बनवणाऱ्या दोघांपैकी एक संशोधक भारतातून गेलेला होता. दोन्ही शोध काचेसाठी लागलेले नव्हते, काच धुणाऱ्यांनी ते उचलले इतकंच.

पावसाचं पाणी वापरायची कल्पनाही तिकडचीच, आणि तिकडे ती सोपी आहे. पाऊस बाराही महिने थोडा थोडा पडतो. घराच्या पन्हळीखाली हजार लिटरची टाकी ठेवली की वापरलेलं पाणी थोड्याच आठवड्यांत परत जमतं. नाशिकला हे जसंच्या तसं आणता येत नाही. इथला सरासरी सातेकशे मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत उरकतो, पुढचे आठ महिने गच्ची कोरडी.

पाऊस साठवणं नाशिकला नवं नाही, हे सांगायला पांडवलेणी पुरे. तिथल्या दहाव्या लेण्यातला क्षत्रप नहपानाच्या जावयाचा लेख सांगतो की लेण्याबरोबर पाण्याच्या पोढी, म्हणजे टाकीही खोदवली. ही सुमारे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातली गोष्ट. डोंगरावरून उतरणारं पाणी कातळातल्या टाक्यात धरायचं, ही पद्धत अंजनेरी-ब्रह्मगिरीच्या माथ्यांवर आजही दिसते. गावातल्या वाड्यांना विहिरी आणि नदी होती, त्यामुळे पागोळ्यांखाली घंगाळ लावणं एवढ्यावरच भागत असे. शुद्ध पाणी म्हणून पावसाकडे खरं पाहिलं ते गॅरेजवाल्यांनी. बॅटरीत घालायला डिस्टिल वॉटर विकत आणण्यापेक्षा चांगला झोडपून पाऊस लागला की मोकळ्यात स्वच्छ पातेलं ठेवायचं, हा उद्योग घरच्या इन्व्हर्टरसाठी कित्येकांनी केलेला आहे. काच धुणाऱ्याला हवं असलेलं पाणी म्हणजे जवळजवळ तेच.

शहरात काच वाढली ती गेल्या वीसेक वर्षांत : मुंबई नाका, त्र्यंबक रोड, गंगापूर रोड, हायवेवरची गाड्यांची शोरूम्स. काम बहुतेक दोरावर लटकून किंवा पाळण्यातून चाले आणि उंच इमारतींवर अजूनही चालतं. दांडे आले तसे पाण्याचे पर्याय तपासले गेले, आणि प्रत्येकात काहीतरी आड आलं. नळाचं पाणी गंगापूर धरणाचं, त्यामुळे तुलनेने मऊ. पण उन्हाळ्यात पाणीकपात लागलेली असताना पिण्याचं पाणी काचेवर मारलेलं लोकांना दिसतं. त्यात गंगापूर-दारणेचं पाणी खाली जायकवाडीला सोडण्यावरून इथे कमी पावसाच्या वर्षी आधीच रान उठलेलं असतं. दुसरा पर्याय बोअरचा. काळ्या पाषाणातलं ते पाणी जड, म्हणून आरओ लागतो, आणि आरओ म्हटलं की बरंच पाणी नाल्यात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली आरओच्या या उधळपट्टीवर बोट ठेवलं. ५०० टीडीएसच्या (टीडीएस म्हणजे लिटरमागे किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत तो आकडा) आतलं पाणी असेल तिथे घरगुती आरओ नकोच, असा त्या आदेशाचा सूर. विषय पिण्याच्या पाण्याचा होता, तरी काच धुण्यासाठी आरओ चालवणाऱ्यांकडेही लोक तेव्हापासून जरा तिरकेच पाहू लागले. उरलं पावसाचं पाणी.

इथे सगळा विषय एका निर्णयापाशी अडतो. पाणी जिरवायचं की साठवायचं?

१९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्राच्या डोक्यात एक घोषणा पक्की बसली : पाणी अडवा, पाणी जिरवा. शेतासाठी, माळरानासाठी ती बरोबरच होती. पुढे शहरांत नव्या बांधकामांना पाऊस धरण्याची सक्ती झाली, तेव्हा तीच घोषणा गच्चीवर चढली. डिसेंबर २०२० च्या राज्यव्यापी एकत्रित बांधकाम नियमावलीत ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडांना ही सक्ती आहे. केलं नाही तर दर १०० चौरस मीटर बांधकामामागे वर्षाला हजार रुपयांपर्यंत आकारणी करता येते. नियमात शोषखड्डा चालतो, बोअर पुनर्भरण चालतं, आणि जमिनीखाली किंवा वर टाकी बांधून धुण्या-शिंपण्याला पाणी वापरणंही चालतं. म्हणजे कागदावर साठवण्याला कोणाची ना नाही.

व्यवहारात मात्र खड्डाच होतो. पाइप खाली आणला, खड्ड्यात खडी-वाळू भरली, फोटो काढला, दाखला मिळाला. टाकीला जागा लागते, काँक्रीट लागतं, वॉटरप्रूफिंग लागतं. आणि त्याच जागेत दोन गाड्यांचं पार्किंग विकता येतं. बिल्डर काय निवडेल हे सांगायला नको. जिरवण्याच्या बाजूचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. शहरात बोअर खोल चाललेत, आणि जमिनीत गेलेलं पाणी सगळ्यांचं, टाकीतलं फक्त सोसायटीचं. पण आपला काळा पाषाण स्पंज नाही. पाणी मुरतं ते भेगा असतील तिथे आणि तेवढंच. खड्ड्यातला गाळ दरवर्षी काढला नाही तर तेही थांबतं. आणि काच धुण्याच्या दृष्टीने हा व्यवहार उफराटाच आहे. आकाशातून दहा-वीस टीडीएसचं आलेलं पाणी खडकात सोडायचं, क्षार घेऊन जड झालं की बोअरने उपसायचं, आणि मग वीज जाळून आरओने पुन्हा तेच क्षार काढायचे.

फरक किती पडतो ते रेझिनवर कळतं. अंबड-सातपूरच्या प्लेटिंगवाल्यांकडे डीएम प्लांट, म्हणजे रेझिनने पाण्यातले क्षार काढणारी यंत्रं, पूर्वीपासून आहेत, त्यामुळे हा माल नाशिकला अनोळखी नव्हता. रेझिन किती पाणी देईल हे त्या पाण्यातल्या क्षारांवर ठरतं. ५०० टीडीएसच्या बोअरऐवजी २० टीडीएसचं पावसाचं पाणी सोडलं तर तेवढंच रेझिन ढोबळमानाने पंचवीस पट पाणी देतं. मध्ये आरओ लागत नाही, म्हणजे वायाही काही जात नाही. गाळायला पाच मायक्रॉनचा फिल्टर, रंग आणि वास धरायला कार्बन, मग रेझिन, एवढ्यावर काम भागतं. पावसाच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइडही रेझिनची थोडी ताकद खातो, म्हणून हिशेब कागदाइतका गोड येत नाही, इतकंच.

टीडीएस मीटरवर फार विसंबलं की फसगत होते. मीटर मोजतं ते पाण्यातून वीज किती वाहते ते. सिलिका, म्हणजे खडकातून पाण्यात उतरलेला वाळूचाच अंश, त्याला जवळजवळ दिसत नाही, आणि रेझिन थकत आलं की बहुधा तीच आधी निसटते. मीटर शून्याजवळ, काच ओली असेपर्यंत झकास, आणि चारच्या तिरक्या उन्हात सगळ्या तावदानांवर पांढुरकी झाक. आमच्या पाषाणातून आलेल्या बोअरच्या पाण्यात सिलिका असते. पावसात ती जवळपास नसतेच, छपरावरच्या धुळीतून जी काय येईल तेवढी.

म्हणून छप्पर महत्त्वाचं. सिमेंटच्या गच्चीवरून आलेलं पाणी चुन्याचा अंश घेऊन येतं. रंगीत पत्र्याची शेड त्यापेक्षा बरी, फक्त पारव्यांचा बंदोबस्त हवा. पहिला मिलिमीटरभर पाऊस सोडून द्यायचा असा सर्वसाधारण नियम आहे : ३०० चौरस मीटरच्या पत्र्याला ३०० लिटर. इथे मात्र मृगाच्या पावसावर सगळ्या उन्हाळ्याची धूळ उतरते, त्यामुळे जूनचा पाऊस टाकीत घेऊच नये असं माझं मत.

टाक्यांचं दुखणं वेगळं. हजार लिटरच्या, बाहेरून लोखंडी जाळी असलेल्या पांढऱ्या टाक्या भंगारवाल्यांमुळे इथे कोणालाही माहीत आहेत. आधी त्यात कोणतं केमिकल होतं ते विकणाऱ्याला ठाऊक असतंच असं नाही. शिवाय त्यातून उजेड आत जातो, आणि क्लोरीन नसलेल्या पाण्यात पंधरवड्यात शेवाळ धरतं. काळी, झाकणबंद, तोंडांना बारीक जाळी लावलेली टाकी हवी. जाळी शेवाळापेक्षा डेंग्यूसाठी : त्याचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो. पावसाळ्यात आरोग्य खात्याची माणसं ड्रम-टाक्या उपड्या करायला येतात, तेव्हा ‘पाऊस साठवलाय’ हे उत्तर त्यांना पटत नाही. एक खातं पाणी धरा म्हणतं, दुसरं ओता म्हणतं. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर.

आठ महिन्यांचा साठा करायचा म्हटलं तर हे सगळं आवाक्याबाहेर जातं, आणि चर्चा बहुतेक तिथेच सोडून दिली जाते. पण काच धुण्याचं गिऱ्हाईक बारमाही सारखं नसतं. पावसाळ्यात कोणी काच धुवून घेत नाही. मागणी उसळते ती दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत, म्हणजे पाऊस संपता संपता. मिनिटाला दीड लिटर आणि दिवसाचे चार तास प्रत्यक्ष फवारा धरला तर एका दांड्याला ३६० लिटर लागतात. पाच हजारांची टाकी दोन आठवडे पुरते. आणि ३०० चौरस मीटरच्या पत्र्यावरून ती भरायला वीसेक मिलिमीटर पाऊस पुरे. हस्ताची एक सर धरून लागली तरी तेवढा होतो. तोवर छपरंही चांगली धुऊन निघालेली असतात.

अडचण उरते ती पाणी नेण्याची. हजार लिटर म्हणजे एक टन. छोटा हत्ती टेम्पो पाऊण टनाचा, त्यातून टाकी, पंप आणि दोन माणसंही जायची. म्हणून सोयीचं ते हेच, की ज्या इमारतीची काच धुवायची तिच्याच छपराचं पाणी तिच्याच टाकीतून घ्यायचं आणि सोबत फक्त रेझिनचा सिलिंडर न्यायचा. गंगापूर रोडला, पाथर्डी फाट्याला काचेच्या दर्शनी भागाच्या इमारती अजून उभ्या राहताहेत. नकाशे मंजूर होताना त्यांच्या बाजूच्या मोकळ्या जागेत पाऊस धरण्याची सोय म्हणून जे वर्तुळ काढलेलं असतं, ते बहुतेक वेळा शोषखड्ड्याचंच असतं.