बसच्या दारात उभी राहिलेली बाई कोणाची?

२४ जून २०२४. चीनच्या जिआंगसू प्रांतातलं सुझौ शहर. दुपारी चारच्या सुमारास जपानी शाळेच्या बसची वाट पाहत थांब्यावर उभ्या असलेल्या एका जपानी आईवर आणि तिच्या मुलावर एका माणसाने चाकूने हल्ला केला. मग तो बसकडे वळला. आत शाळेतून परतणारी मुलं होती. आपल्याकडे शाळेच्या बसमध्ये मुलांना चढवायला-उतरवायला मावशी असतात, तसंच काम करणाऱ्या हू यौपिंग यांनी त्याला अडवलं. त्यांच्यावर अनेक वार झाले. मायलेक वाचले, बसमधली मुलं सुखरूप राहिली. पन्नाशी ओलांडलेल्या हू यौपिंग यांचा २६ जूनला रुग्णालयात मृत्यू झाला.

पुढच्या आठवडाभरात चीनमध्ये जे घडलं त्याचा समाजमानसशास्त्राने खरं तर बारकाईने अभ्यास करायला हवा. थांब्यावर फुलांचे ढीग साचले. सुझौ नगर प्रशासनाने त्यांना धाडसाबद्दल मरणोत्तर सन्मान दिला. बीजिंगमधल्या जपानी दूतावासाने २८ जूनला आपला ध्वज अर्ध्यावर उतरवला. एका चिनी कामगार बाईसाठी जपानचा ध्वज खाली यावा, हे दोन्ही देशांत क्वचितच कुणाला अपेक्षित असेल. आणि त्याच दिवसांत चिनी इंटरनेटवर जपानद्वेषाचा इतका मजकूर वाहत होता की टेन्सेंट, वेइबो, नेटईझ, दोउयिन अशा कंपन्यांना जाहीर सूचना काढून पोस्ट हटवाव्या लागल्या, खाती बंद करावी लागली. चीन-जपान वैर भडकावणारा, टोकाचा राष्ट्रवाद पसरवणारा मजकूर, असं त्याचं वर्णन त्या कंपन्यांनीच केलं होतं.

एकाच कृतीवर एकाच समाजातून इतक्या उलट प्रतिक्रिया का येतात? आधी कृतीकडे पाहू, कारण तिच्याबद्दलही आपल्या डोक्यात एक जुनी समजूत पक्की बसलेली आहे.

ती समजूत म्हणजे ‘गर्दी नुसती बघत राहते’. तिला विज्ञानाचं बळ मिळालं १९६८ साली. न्यूयॉर्कमध्ये जॉन डार्ली आणि बिब लताने यांनी विद्यार्थ्यांना इंटरकॉमवरून कुणाला तरी फेफऱ्याचा झटका आल्याचा आवाज ऐकवला. ऐकणारा आपण एकटाच आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यापैकी ८५ टक्के तो आवाज चालू असतानाच मदतीला उठले. आणखी चार जण ऐकताहेत असं वाटणाऱ्यांत हा आकडा ३१ टक्क्यांवर आला. जबाबदारी वाटली जाते आणि वाट्याला आलेला तुकडा उठण्याइतका जड राहत नाही, असा त्याचा अर्थ लावला गेला. पाठ्यपुस्तकांनी तो उचलला आणि आपण सगळे ‘बघे’ ठरलो.

पण ॲमस्टरडॅम, केपटाउन आणि इंग्लंडमधलं लँकेस्टर या तीन शहरांतल्या सीसीटीव्हीत टिपलेली २१९ खरी भांडणं संशोधकांनी तपासली, तेव्हा दहापैकी नऊ प्रसंगांत निदान एक जण तरी मध्ये पडलेला दिसला. धोका उघड दिसत असेल, तर गर्दीचा बधिर करणारा परिणाम कमी होतो, असं इतर अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातूनही निघालं आहे.

हू यौपिंग यांच्या बाबतीत मला मात्र दुसराच, फारसा सांगितला न जाणारा प्रयोग अधिक नेमका वाटतो. १९७५ साली थॉमस मॉरिआर्टी यांनी न्यूयॉर्कजवळच्या समुद्रकिनाऱ्यावर तो केला. किनाऱ्यावर पहुडलेला माणूस शेजाऱ्याशी दोन शब्द बोलून उठून जातो. थोड्या वेळाने एक ‘चोर’ येऊन त्याचा रेडिओ उचलतो. शेजाऱ्याला सामानाबद्दल आधी काहीच सांगितलं नसेल, तर २० पैकी फक्त ४ जणांनी चोराला हटकलं. ‘जरा माझ्या सामानावर लक्ष ठेवाल का?’ एवढंच विचारून ‘हो’ म्हणवून घेतलं असेल, तर २० पैकी १९ जण चोरामागे धावले. माणसं तशीच, किनारा तोच, फरक एका होकाराचा. हू यौपिंग यांचं तर कामच मुलांवर लक्ष ठेवण्याचं होतं. त्यांचा होकार रोजचा होता. मुलं कोणत्या देशाची आहेत हा प्रश्न तिथे शिरायला जागाच नव्हती.

जागा मिळाली ती नंतर, लाखो लोकांनी बातमी वाचली तेव्हा. जिआंगसू हा काही साधा प्रांत नाही. नानजिंग त्याची राजधानी. १९३७ च्या नोव्हेंबरात जपानी सैन्याने सुझौ घेतलं आणि डिसेंबरात नानजिंगमध्ये हत्याकांड केलं. ती आठवण शाळेच्या पुस्तकांतून, स्मारकांतून जिवंत ठेवली गेली आहे. (त्या युद्धात जखमींवर उपचार करता करता १९४२ मध्ये चीनमध्येच वारलेले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस तिथे आजही पूजनीय आहेत, ते याच आठवणीमुळे.) त्यात ऑगस्ट २०२३ मध्ये जपानने फुकुशिमाचं प्रक्रिया केलेलं पाणी समुद्रात सोडायला सुरुवात केली आणि राग नव्याने उसळला. चीनमधल्या जपानी शाळा म्हणजे हेरगिरीचे अड्डे, असले व्हिडिओ हल्ल्याच्या कितीतरी आधीपासून फिरत होते.

इथे २००५ साली लँकेस्टर विद्यापीठात मार्क लिव्हाइन यांनी केलेला प्रयोग आठवतो. मँचेस्टर युनायटेडचे चाहते असलेल्या विद्यार्थ्यांकडून आधी त्या संघाबद्दलच्या प्रेमाची प्रश्नावली भरून घेतली. मग त्यांना दुसऱ्या इमारतीत पाठवलं. वाटेत एक धावपटू घसरून पडतो, घोटा धरून विव्हळतो. त्याच्या अंगात युनायटेडचा शर्ट असेल तर बहुतेक सगळे थांबले. कट्टर प्रतिस्पर्धी लिव्हरपूलचा असेल तर तिघांपैकी जेमतेम एक. प्रयोगाच्या दुसऱ्या फेरीत बदलली ती फक्त प्रश्नावली. या वेळी विचारलं होतं फुटबॉलचे चाहते असण्याबद्दल. आता लिव्हरपूलचा शर्ट घातलेल्यालाही बहुतेकांनी हात दिला. फुटबॉलशी संबंध नसलेला साधा शर्ट घालणारा तेवढा पडून राहिला.

वैर होतं तिथेच होतं, वर्तुळ मात्र काही मिनिटांत रुंदावलं. आणि ते रुंदावल्यावरही बाहेर कुणीतरी उरलाच. प्रयोगाची ही दुसरी बाजू सांगताना बरेच जण गाळतात.

सुझौनंतरच्या प्रतिक्रिया अशाच, वाचणाऱ्याच्या मनात त्या क्षणी कोणती प्रश्नावली भरलेली होती त्यावर ठरत गेल्या. ‘आई’ म्हणून वाचणाऱ्याला मुलं दिसली. ‘१९३७’ म्हणून वाचणाऱ्याला शत्रू दिसला. आणखी एक प्रश्नावली होती, जी परदेशी वार्तांकनात जवळजवळ दिसलीच नाही. २००६ मध्ये नानजिंगमध्ये पडलेल्या एका वृद्धेला एका तरुणाने रुग्णालयात नेलं, तिने त्याच्यावरच दावा लावला आणि २००७ मध्ये न्यायालयाने त्याला ४० टक्के भरपाई द्यायला सांगितली. खरं काय घडलं होतं यावर पुढे बराच वाद झाला, पण लोकांनी धडा घेतला तो असा की मदत कराल तर अडकाल. २०११ मध्ये फोशान शहरात गाडीखाली सापडलेल्या दोन वर्षांच्या मुलीजवळून १८ जण निघून गेले आणि अखेर कचरा वेचणाऱ्या एका बाईने तिला उचललं. देश हादरला. मदत करणाऱ्याला कायदेशीर संरक्षण देणारी तरतूद २०१७ मध्ये लागू झाली. या पार्श्वभूमीवर हू यौपिंग यांच्यासाठी फुलं ठेवणाऱ्या कित्येकांच्या मनात जपान नसेलच. ‘आपल्यात अजून कुणीतरी पुढे होतं’, हा दिलासा असेल.

कौतुकातही ‘आपण’ होतोच. चिनी परराष्ट्र मंत्रालयाने त्यांच्यात चिनी जनतेचं धैर्य आणि चांगुलपण पाहिलं. जपानी दूतावासही जवळपास तेच म्हणाला. १९८८ साली बेल्जियममध्ये झालेल्या अभ्यासात बेल्जियन विद्यार्थ्यांनी आपल्यातल्या चांगल्या माणसाला परक्या चांगल्या माणसापेक्षा अधिक गुण दिले, आणि आपल्यातल्या वाईटाला परक्या वाईटापेक्षा अधिक कठोरपणे झिडकारलं. घरातल्या कुलदीपकाला मिरवावं आणि दिवट्याचं नाव टाकावं तसं. ‘हू म्हणजे खरा चीन, हल्लेखोर म्हणजे अपवाद’ हे वाक्य बरोबर असेल, नसेल, पण ते इतक्या सहज ओठांवर का आलं ते यातून कळतं.

मग द्वेष इतका मोठा का दिसला? अमेरिकी राजकीय पोस्टच्या २०२१ मधल्या एका मोठ्या अभ्यासात विरोधी गटाचा उल्लेख करणारा प्रत्येक शब्द पोस्ट पुढे पाठवली जाण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी वाढवत होता. चिनी मंचांवर हाच आकडा निघेल असं नव्हे. पण शत्रूचं नाव घेतलं की मजकूर धावतो, हे ओळखून लक्षावधी प्रेक्षक मिळवणारे तिथेही आहेत. फुलं ठेवून घरी गेलेला माणूस सहसा पोस्ट लिहीत नाही. त्यामुळे पडद्यावरच्या गोंगाटावरून समाज मोजणं धोक्याचं. उलट, हा सगळा गोंगाट मूठभरांचाच, असं म्हणून सुटताही येत नाही. पोस्ट हटवल्याने बोलणं थांबतं, प्रश्नावली बदलते असं नाही.

१८ सप्टेंबर २०२४ ला शेन्झेनमध्ये जपानी शाळेकडे निघालेल्या दहा वर्षांच्या मुलावर चाकूहल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. १९३१ मध्ये जपानने मांचुरियावरच्या आक्रमणासाठी जे निमित्त घडवून आणलं, त्याचा तो स्मृतिदिन होता. मुलाचे वडील जपानी होते, आई चिनी. त्याला कोणत्या रंगाचा शर्ट घालणार?

सुझौच्या हल्लेखोराला जानेवारी २०२५ मध्ये मृत्युदंड सुनावला गेला आणि एप्रिलमध्ये तो अमलात आला. कर्जात बुडून जगण्याची इच्छा संपली म्हणून त्याने हे केलं, असं न्यायालयाने म्हटलं. निकालात जपानचा उल्लेख नव्हता.