प्रवाळभित्तीवरील स्कूबा बुडी : नियोजन

उष्ण कटिबंधातील प्रवाळभित्तीजवळ स्कूबा उपकरणांसह बुडी मारण्यापूर्वी जागा, वेळ, कमाल खोली, हवेचा साठा आणि वर येण्याचा क्रम ठरवण्याची पद्धत. पुण्यातील हौशी पाणबुड्यांचे प्राथमिक शिक्षण सहसा शहरातील जलतरण तलावात होते आणि समुद्रातील बुड्या मालवण-तारकर्ली, नेत्राणी, लक्षद्वीप किंवा अंदमान येथे होतात. किनारा सह्याद्रीच्या खाली आणि घर घाटमाथ्यापलीकडे असल्यामुळे त्यांच्या नियोजनात परतीच्या रस्त्याचाही विचार करावा लागतो.

जागा व वेळ : कोकणात जून ते सप्टेंबर समुद्र बंद असतो. मालवण सागरी अभयारण्यात (स्थापना १९८७) प्रवाळ उथळ पाण्यात, विखुरलेल्या ठिगळांच्या रूपात आढळतात. पाणी गढूळ झाले की काही मीटरपलीकडचे दिसत नाही. लक्षद्वीपच्या कंकणद्वीपांत (मधल्या उथळ पाण्याभोवती कड्यासारख्या पसरलेल्या प्रवाळबेटांत) खाजणातले, म्हणजे त्या मधल्या, गाळयुक्त पाणी ओहोटीबरोबर खिंडीतून बाहेर पडते, म्हणून भरतीच्या अखेरीस, पाणी थांबते त्या सुमारास उतरणे चांगले. ओहोटीत दृश्यमानता घटते आणि प्रवाह पाणबुड्याला भित्तीपासून दूर नेतो. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणापेक्षा अष्टमीच्या आसपासचा भांगाचा काळ नवख्यांना सोयीचा. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा कोकणातला जुना हिशेब (पंचमीला पावणेचारच्या सुमारास) किनाऱ्यावर अजून उपयोगी पडतो. तो कोकणापुरताच खरा असल्याने अंदमान-लक्षद्वीपसाठी तिथलेच कोष्टक पाहावे.

हवेचा हिशेब : दर १० मी. खोलीला दाब सुमारे १ बारने वाढतो (पृष्ठभागावरील हवेचा दाबही जवळपास १ बार). १८ मी.वर एकूण दाब २.८ बार असतो. पृष्ठभागावर मिनिटाला २० लि. हवा वापरणारा माणूस तेथे ५६ लि. वापरतो. सर्वत्र प्रचलित असलेल्या ११.१ लि. क्षमतेच्या अॅल्युमिनियम सिलिंडरमध्ये २०० बारला सुमारे २,२२० लि. हवा मावते. ‘५० बार शिल्लक ठेवून वर या’ हा नियम बहुतेक ठिकाणी शिकवला जातो, पण तो १८ मी.साठी अपुरा आहे. जोडीदाराची हवा संपली तर दोघे एकाच सिलिंडरवर येतात. घाबरलेल्या अवस्थेत प्रत्येकी मिनिटाला (पृष्ठभागाच्या हिशेबाने) ३० लि. धरल्यास तळाशी सावरायला १ मिनिट (१६८ लि.), मिनिटाला ९ मी. वेगाने वर येण्यास २ मिनिटे (२२८ लि.) आणि ५ मी.वर ३ मिनिटांचा थांबा (२७० लि.) मिळून ६६६ लि., म्हणजे ६० बार लागतात. उरलेल्या १,५५४ लि. हवेवर तळाशी २७ मिनिटे मिळतात. याच खोलीसाठी प्रचलित कोष्टकांतील विनाथांबा मर्यादा (शरीरात साठणाऱ्या नायट्रोजनमुळे वर येताना सक्तीचे थांबे घ्यावे लागू नयेत यासाठी तळाशी राहण्याची कमाल वेळ) ५५ मिनिटांच्या आसपास आहे. पहिल्या बुडीत नायट्रोजनच्या कितीतरी आधी हवा संपते. नायट्रोजनचा प्रश्न दुसऱ्या-तिसऱ्या बुडीत पुढे येतो.

गरम असताना भरलेला सिलिंडर निवला की दाब उतरतो : ५० अंश से.ला २०० बार दाखवणारा ३० अंशांना साधारण १८७ दाखवतो. म्हणून गेज (दाबमापक) पाण्याजवळ, उतरण्याआधी वाचावे. गेजवर नजर ठेवून रेग्युलेटरमधून (सिलिंडरची हवा तोंडाशी पोचवणाऱ्या साधनातून) तीन-चार दमदार श्वास घ्यावेत. काटा श्वासागणिक खाली जाऊन परत वर येत असेल तर सिलिंडरची झडप अर्धवट उघडलेली आहे. अशी झडप पृष्ठभागावर पुरेशी हवा देते आणि खोलवर कमी पडते.

वजनपट्टा : बुडता यावे म्हणून कमरेला लावायचे, तलावात जमलेले वजन समुद्रात पुरत नाही. खारे पाणी सुमारे अडीच टक्के जड असल्याने उपकरणांसह ९०-१०० किग्रॅ. भरणाऱ्या व्यक्तीस सव्वादोन ते अडीच किग्रॅ. जास्त लागतात. शिवाय भरलेल्या सिलिंडरमधील हवेचेच वजन अडीच किग्रॅ.हून अधिक असते. ती संपत आली की पाणबुड्या तरंगू लागतो आणि ५ मी.चा थांबा हातून निसटतो. उलट, गरजेपेक्षा जास्त वजन लावले तर पाय खाली लोंबतात आणि फिनच्या फटक्यांनी शाखायुक्त प्रवाळ मोडतात.

वर येण्याचा वेग : झपाट्याने वर आल्यास शरीरात साठलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात; म्हणून किती वेगाने यावे, यावरचा वाद जुना आहे. हॉल्डेन, बॉयकॉट व डॅमंट यांनी १९०८ मध्ये शेळ्यांवरील प्रयोगांवरून टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके मांडली. त्यांत पहिला टप्पा बराच जलद होता. पुढे रूढ झालेला मिनिटाला १८ मी. हा वेग प्रयोगातून आलेला नसून १९५०च्या दशकात अमेरिकी नौदलात झालेली तडजोड होती, असे सांगितले जाते. जड शिरस्त्राणवाल्यांना सुमारे साडेसात मी. हवे होते, मुक्त पोहणाऱ्या जलसैनिकांना ३० मी.; सेकंदाला एक फूट मोजायलाही सोपे. नौदलाने १९९३ मध्ये तो ९ मी.वर आणला. ५ मी.च्या थांब्याला १९७०च्या दशकातील पिलमॅनिस यांच्या डॉप्लर (ध्वनिलहरींनी रक्तातील बुडबुडे टिपणाऱ्या) निरीक्षणांचा आधार आहे : थोडा वेळ थांबल्यानेही रक्तातील बुडबुडे लक्षणीय घटतात. खूप खोलवरच्या थांब्यांचा पुरस्कार मध्यंतरी झाला, मात्र अमेरिकी नौदलाच्या २०११च्या चाचणीत त्यांचा गट उथळ थांब्यांच्या गटापेक्षा मागे पडला.

‘खोल बुडी आधी, उथळ नंतर’ या नियमाबाबतही तसेच. स्मिथसोनियन संस्थेने १९९९ मध्ये भरवलेल्या कार्यशाळेला, विनाथांबा बुड्या ४० मी.च्या आत आणि खोलीतील फरक १२ मी.पेक्षा कमी असेल तर उलट क्रमावर बंदी घालण्यास पुरावा आढळला नाही. तरीही भित्तीच्या उतारावर आधी खोल जाऊन मग वर वर सरकणे इष्ट, कारण हवा त्यातच वाचते.

परतीचा प्रवास : २००२ मधील शिफारशींनुसार एका विनाथांबा बुडीनंतर १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर १८ तास विमानप्रवास टाळावा, त्या सुमारे ६०० ते २,४०० मी. उंचीच्या तुल्य केबिन-दाबासाठी आहेत; घाट चढतानाही हवेचा दाब तसाच उतरतो. पुणे सुमारे ५६० मी.वर असले तरी आंबोली ६९० मी.च्या आसपास आहे आणि महामार्ग साताऱ्याकडेही सुमारे ७०० मी.पर्यंत चढतो. मालवणला पर्यटकांना घडवतात त्या १० मी.च्या आतील एकेरी, अल्पकाळ बुडीनंतर धोका अल्प असतो. दोन दिवसांत चार-पाच खोल बुड्या मारून रविवारी दुपारीच घाट चढणे मात्र अयोग्य. शेवटची बुडी सकाळी आटोपून सोमवारी निघावे. शुक्रवारी रात्रभर बसने येऊन शनिवारी सकाळीच उतरणेही टाळावे. जागरण व शरीरातील पाण्याची कमतरता हे घटक बुडबुड्यांच्या विकारास पोषक मानले जातात.

संरक्षण व आपत्ती : भित्ती बांधणारे प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, तुटलेला तुकडाही उचलू नये. अग्निप्रवाळाचा दाह सहसा किरकोळ असतो. सिंहमासा, अश्ममासा यांचा काटा लागल्यास जखम ४५ अंश से.पर्यंतच्या, सोसवेल इतक्या गरम पाण्यात ठेवावी. सांधेदुखी, हातापायांना मुंग्या, असाधारण थकवा यांपैकी काही जाणवल्यास रुग्णाला आडवे ठेवून शुद्ध ऑक्सिजन द्यावा. त्याला घाटावरील रुग्णालयात न नेता पुनर्दाबकक्षाची (रुग्णाला पुन्हा दाबाखाली ठेवून उपचार करण्याच्या कक्षाची) चौकशी किनाऱ्यावरूनच करावी. मुंबईत अशी सोय नौदलाच्या अश्विनी रुग्णालयाशी निगडित आहे. नावेवर ऑक्सिजन आहे का, हे निघण्यापूर्वी डोळ्यांनी पाहून घ्यावे आणि सिलिंडरचा दाबही वाचावा.