कप्समधल्या त्या टिकने क्लाउड प्रिंट होत नाही

लिनक्सच्या मशीनला प्रिंटर जोडून कप्समधून (लिनक्सवर प्रिंटिंग सांभाळणारं सॉफ्टवेअर) ऑफिसभर शेअर करणं आता बहुतेकांना येतं. शेअरिंगची टिक मारायची, नेटवर्कवर प्रिंटरची जाहिरात करणारं अवाही चालू ठेवायचं, की त्याच वायफायवरच्या फोनला प्रिंटर दिसतो. संपलं.

सगळा घोळ त्या टिकच्या खालच्या दुसऱ्या टिकमुळे होतो, 'अलाऊ प्रिंटिंग फ्रॉम द इंटरनेट'. लोक नाव वाचतात, टिक मारतात, त्यांना वाटतं सर्व्हर क्लाउडला जोडला गेला, मग घरून प्रिंट निघेना म्हणून राउटरवर ६३१ पोर्ट, म्हणजे कप्सचं जॉब घ्यायचं दार, बाहेरच्यांसाठी उघडून मोकळे होतात. प्लीज हे करू नका! ती टिक एवढंच करते की आधी कप्स फक्त लोकल नेटवर्कवरचे जॉब (प्रिंटची कामं) घ्यायचा, आता कुठल्याही आयपीवरून आलेला जॉब घेईल. कुठे रजिस्ट्रेशन झालेलं नसतं की अकाउंट तयार झालेलं नसतं.

क्लाउड प्रिंटमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या सर्व्हिसमार्फत प्रिंट देण्यात, कनेक्शन उलट्या बाजूने सुरू होतं, आणि नेमकं हेच कुणी समजून घेत नाही. तुमच्या सर्व्हरवर कनेक्टर नावाचा एक छोटा प्रोग्रॅम चालतो, तो स्वतः आतून बाहेर ४४३ पोर्टवरून (वेबसाइटचा नेहमीचा) सर्व्हिसला जोडतो आणि तिथे आलेले जॉब इकडे ओढून घेतो. फोनसुद्धा जॉब तिकडेच पाठवतो, तुमच्या राउटरच्या दारात कुणी येतच नाही. म्हणून एकही पोर्ट उघडावा लागत नाही. आपल्याकडे बऱ्याच ब्रॉडबँडला सीजीनॅट असतं, म्हणजे अनेक ग्राहकांत एकच पब्लिक आयपी वाटलेला असतो, स्वतःचा मिळत नाही, तिथे पोर्ट फॉरवर्ड करून काही उपयोग नसतो पण कनेक्टर मात्र व्यवस्थित चालतो. आणि जॉब पाठवणारा कोण हे अकाउंटच्या लॉगिनवरून आधीच तपासलेलं असतं, उघड्या ६३१ वर तुम्ही वेगळं काही लावलं नसेल तर कुणीही या.

६३१ साठी एवढं का ओरडतोय, तर सप्टेंबर २०२४ मध्ये कप्स-ब्राउज्डमधलं (नेटवर्कवरचे प्रिंटर शोधून कप्सला जोडणारा प्रोग्रॅम) भोक बाहेर आलं. ते यूडीपी ६३१ वर आलेल्या कुठल्याही पॅकेटवर विश्वास ठेवायचं, त्यातून खोटा प्रिंटर घुसवता यायचा आणि त्या प्रिंटरवर कुणी प्रिंट दिली की हल्लेखोराची कमांड तुमच्या मशीनवर चालायची.

गूगल क्लाउड प्रिंट ३१ डिसेंबर २०२० ला बंद झालं, त्यामुळे ते लावायच्या जुन्या गाइड वाचत बसू नका. आज मायक्रोसॉफ्टचं युनिव्हर्सल प्रिंट आहे, त्याचा कनेक्टर विंडोजवर चालतो. ऑफिसात मायक्रोसॉफ्ट ३६५ आधीपासून असेल, शाखा बऱ्याच असतील, तर तेच घ्या.

पाच-दहा माणसांच्या ऑफिसला मी क्लाउडऐवजी वायरगार्डच सांगेन, म्हणजे घरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये सुरक्षित शिरायचं व्हीपीएन. फक्त एक लक्षात ठेवा, प्रिंटर आपोआप शोधणारं एमडीएनएस व्हीपीएनमधून पलीकडे जात नाही, प्रिंटर लिस्टमध्ये दिसत नाही आणि लोक व्हीपीएनलाच नावं ठेवतात. लॅपटॉपवर किंवा अँड्रॉइडवर सर्व्हरचा आयपी हाताने टाका, चालतं. आयफोनला मात्र एअरप्रिंटचं (ॲपलची प्रिंटिंग पद्धत) प्रोफाइल, म्हणजे सेटिंगची फाइल, बनवून द्यावं लागतं, तेवढा व्याप आहे.

आणि क्लाउड लावलंत तरी लोकल शेअर बंद करू नका, नेट गेलं की क्लाउडवरून शेजारच्या टेबलावरच्या प्रिंटरलाही जॉब पोचत नाही.