चिप ९५ अंशांवर, मग खोली का तापेल?

"रायझन ७९५०एक्स ९५ अंशांवर चालतो, म्हणजे खोलीची भट्टी होणार." एएमडी कंपनीच्या या कॉम्प्युटर प्रोसेसरबद्दलचं हे वाक्य इतक्यांदा वाचलंय की आता हसूही येत नाही. तापमान आणि उष्णता यांची ही सरमिसळ आहे. अंशांवरून कळतं चिप किती तापली आहे. वॅटवरून कळतं ती दर सेकंदाला किती उष्णता बाहेर टाकते आहे. खोलीला फक्त वॅट समजतात.

कढल्यातलं फोडणीचं तेल १८० अंशांच्या आसपास असतं, न्हाणीतल्या बंबातलं पाणी फार तर ६०. पण ते कढलं बादलीभर गार पाण्यात उपडं करा, पाणी कोमटसुद्धा होणार नाही.

टीडीपीचं (कंपनीने चिपसाठी जाहीर केलेला उष्णतेचा वॅटमधला आकडा) पटकन उरकतो, कारण ते एव्हाना बहुतेकांना ठाऊक आहे: ७९५०एक्सवर १७० वॅट लिहिलंय, पण तो २३०पर्यंत घेऊ शकतो. इंटेलचा १३९००के बेसला (मूळ वेगाला) १२५ आणि टर्बोला (चढ्या वेगाला) २५३ वॅट. बरेच मदरबोर्ड ती मर्यादाही उठवून ठेवतात, हा वेगळा चीड आणणारा विषय.

खरी गंमत रायझनच्याच ५८००एक्स आणि ५९५०एक्स या जोडीत आहे. दोघांचा टीडीपी १०५ वॅट, दोघांनाही कमाल १४२ वॅटची मुभा. तरी पूर्ण लोडवर आठ कोअरचा (कोअर म्हणजे चिपमधला हिशेब करणारा एकेक भाग) ५८००एक्स जास्त तापतो आणि सोळा कोअरचा ५९५०एक्स निवांत असतो. कारण साधं आहे. पहिल्याचे आठही कोअर सुमारे ८० चौरस मिलिमीटरच्या एकाच तुकड्यावर दाटलेले, दुसऱ्याची उष्णता अशा दोन तुकड्यांवर वाटलेली. छोट्या जागेतून उष्णता काढणं अवघड, म्हणून अंश चढतात. वॅट मात्र फारसे वेगळे नसतात आणि खोलीला दोघंही जवळपास सारखेच.

७००० मालिकेतल्या ७९५०एक्ससाठी तर ९५ अंश ही कंपनीनेच ठरवलेली रेषा आहे. वॅटची मर्यादा आड आली नाही, तर चिप त्या रेषेला टेकेपर्यंत क्लॉक, म्हणजे कामाचा वेग, वाढवत राहते. आता तुम्ही महागडा ३६० मिलिमीटरचा वॉटर कूलर लावलात. कूलर उष्णता भराभर ओढतो, चिपला मोकळीक मिळते, ती आणखी वर पळते, आणखी वॅट खाते. पडद्यावर अंश तेवढेच आणि खोली आधीपेक्षा गरम! कूलर उष्णता नाहीशी करत नाही, चिपवरून उचलून तुमच्या पायाशी आणून टाकतो. (वर त्याला सात रंगांचे दिवे. असो.)

उलट बाजूही खरी आहे. वॅट तेच असतील तर खोलीचं तापमान १० अंशांनी वाढलं की चिपचंही जवळपास तेवढंच वाढतं. त्यामुळे एसी लावलेल्या खोलीतल्या रिव्ह्यूचे आकडे मे महिन्यातल्या नागपुरात एसीशिवाय मिळतील अशी आशा धरू नका.

क्लॉकच्या शेवटच्या दोन-तीनशे मेगाहर्ट्‌झसाठी व्होल्टेज बरंच चढवावं लागतं आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. तिथे मी सरळ हात आखडता घेतो. बायोसमध्ये (कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये) इको मोड, म्हणजे कमी विजेची सोय, लावून ७९५०एक्स १०५ वॅटच्या टीडीपीवर, म्हणजे प्रत्यक्षात १४२ वॅटवर बांधून टाकतो. वेग थोडासाच घटतो. २५० वॅट चार तास ओढले की एक युनिट जळतं, ते बिल मला परवडत नाही आणि उन्हाळ्यात ती ऊब तर मुळीच नको.