वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या वागणुकीचे मूल्यमापन : सेवाग्राम ते ‘एटकॉम’

ऑगस्ट २०१९ मध्ये प्रवेश घेतलेल्या एमबीबीएसच्या तुकडीपासून देशभर क्षमताधारित (विद्यार्थ्याला प्रत्यक्ष काय करता येते यावर बेतलेला) अभ्यासक्रम लागू झाला. त्यासोबत वृत्ती, नीतिमूल्ये आणि संवाद यांचा ‘एटकॉम’ हा भाग अनिवार्य ठरला आणि क्लिनिकल विषयांच्या प्रत्येक लेखी पेपरात त्यावर किमान एक प्रश्न असावा, असा नियम झाला. यवतमाळ, चंद्रपूर, गोंदिया, अकोला किंवा सावंगी येथील विद्यार्थी आज हा प्रश्न सरावाने सोडवतो. सिकलसेलग्रस्त मुलाच्या आईवडिलांना निदान कसे सांगाल, असे विचारले की शांत जागा निवडावी, सोप्या भाषेत बोलावे, शंका विचारू द्याव्यात, अशी मुद्देसूद इंग्रजी उत्तरे येतात आणि त्यांना गुणही मिळतात. हाच विद्यार्थी वॉर्डात त्या आईवडिलांशी प्रत्यक्षात कसा बोलतो, हे मात्र उत्तरपत्रिकेवरून कळत नाही. ही अडचण अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना ठाऊक नव्हती असे नाही. तिला जवळपास पाऊण शतकाचा इतिहास आहे आणि त्यातला एक महत्त्वाचा तुकडा वर्धा जिल्ह्यात घडलेला आहे.

देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या १९४६ च्या अहवालाने भारतात ‘सामाजिक वैद्य’ तयार व्हावा, अशी अपेक्षा मांडली. आजाराइतकेच माणसाचे घर, पाणी, काम आणि अन्न समजणारा डॉक्टर त्या समितीला हवा होता. पुढच्याच वर्षी नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. परीक्षेची रीत मात्र तिथेही इतर ठिकाणांसारखीच राहिली. लेखी पेपर, एक लाँग केस (एका रुग्णाची सविस्तर तपासणी), काही शॉर्ट केस (थोडक्यात तपासण्या) आणि शेवटी वायवा (तोंडी परीक्षा), हा साचा अनेक दशके टिकला. विद्यार्थी रुग्णाशी कसा वागतो, सिस्टरांशी कसा बोलतो, केसपेपरवर खरे लिहितो की नाही, हे सर्व युनिटप्रमुखाच्या नजरेवर सोडलेले होते. ती नजर बहुधा बारीक असे, पण तिची नोंद कुठेही होत नसे. वैद्यकीय शिक्षणाचा विचार करणाऱ्या १९७५ च्या श्रीवास्तव समितीनंतर १९७७ मध्ये आलेल्या ‘रोम’ (रीओरिएंटेशन ऑफ मेडिकल एज्युकेशन) योजनेने प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाला तीन प्राथमिक आरोग्य केंद्रांची जबाबदारी दिली. त्यामुळे विद्यार्थ्याने कुठे शिकावे, यात थोडा बदल झाला, परंतु त्याची परीक्षा कशी घ्यावी, याला त्या योजनेने हात लावला नाही. विद्यार्थी गाडीत बसून गावात जात आणि परत येऊन तीच जुनी परीक्षा देत.

सेवाग्रामचा प्रयोग वेगळा होता. १९६९ मध्ये, गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी, माजी केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. सुशीला नय्यर यांनी महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन केली. त्यांनीच पूर्वी दवाखाना म्हणून सुरू केलेले कस्तुरबा रुग्णालय तिचे शिक्षण रुग्णालय झाले. खेड्यात उभे राहिलेले हे देशातले पहिले वैद्यकीय महाविद्यालय मानले जाते. येथे वर्तनाची वेगळी परीक्षा घेतली गेली नाही. विद्यार्थ्याचे राहणेच अशा रीतीने आखले गेले की वागणूक रोज दिसत राहावी. नव्या विद्यार्थ्यांचा पहिला पंधरवडा बापूकुटीच्या आश्रमात जातो. त्या दिवसांत प्रार्थना, श्रमदान, सूतकताई आणि स्वतःची भांडी स्वतः घासणे हे सर्व ओघाने येते. खादी वापरणे आणि दारू-तंबाखूपासून दूर राहणे हे आचारसंहितेत आहे. त्यानंतर प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, तिथे शिबिर करून राहते आणि प्रत्येक विद्यार्थ्याकडे काही कुटुंबे सोपवली जातात. विद्यार्थी पुढे ठरावीक काळाने त्या कुटुंबांकडे जात राहतो. पदव्युत्तर प्रवेशासाठी ग्रामीण सेवेची अटही संस्थेने घातली होती.

प्रवेशाच्या टप्प्यावरही संस्थेने एक प्रयत्न केला. तिच्या स्वतंत्र प्रवेश परीक्षेत विज्ञान विषयांसोबत गांधीविचारांचा पेपर असे. या पेपराविषयी दोन्ही बाजूंनी बरेच बोलता येते. गांधीविचारही पाठ करता येतो आणि पाठांतरात हुशार विद्यार्थी तिथेही पुढे जाणार, हा आक्षेप खोटा नाही. तरीही आपण कुठे निघालो आहोत याची कल्पना उमेदवाराला त्या पेपरामुळे प्रवेशाआधीच येत असे, एवढे श्रेय त्याला द्यावे लागेल. २०१६ नंतर संस्थेचे प्रवेश ‘नीट’ या देशव्यापी परीक्षेतून होऊ लागले आणि हा पेपर बंद झाला. आता देशातील बहुतेक एमबीबीएस प्रवेशांत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांपलीकडचे काही विचारले जात नाही. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने साधारण याच्या एक तप आधी, २००४ च्या सुमारास, छोट्या छोट्या अनेक मुलाखतींतून उमेदवाराची समज आणि वृत्ती पाहण्याची पद्धत मांडली होती व ती पुढे अनेक देशांत पसरली. भारताने उलट दिशा धरली. त्यामागचे कारणही समजण्यासारखे आहे : मुलाखत म्हटली की वशिला आणि देणगी आठवावी, असा आपला अनुभव होता आणि गुणांच्या यादीवर लोकांचा जास्त विश्वास होता.

परदेशातील वाटचाल प्रामुख्याने परीक्षेच्या तंत्रातून झाली. १९६० च्या दशकात अमेरिकेत हॉवर्ड बॅरोज यांनी निरोगी माणसाला रुग्णाची भूमिका शिकवून विद्यार्थ्यासमोर बसवण्याची कल्पना वापरात आणली. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डन यांनी ‘ऑस्की’ परीक्षा मांडली. तीत विद्यार्थी एकामागून एक अनेक टेबलांवर जातो, प्रत्येक टेबलावर ठरावीक मिनिटांत ठरावीक काम करतो आणि परीक्षक समोरच्या तपासणी यादीवर खुणा करतो. १९९० मध्ये जॉर्ज मिलर यांनी क्षमतेच्या चार पायऱ्या सांगितल्या : माहीत असणे, कसे करावे ते माहीत असणे, करून दाखवणे आणि प्रत्यक्ष कामात करत असणे. लेखी परीक्षा पहिल्या दोन पायऱ्यांवर थांबते, ऑस्की तिसरीपर्यंत पोहोचते आणि चौथी पायरी परीक्षेच्या दालनात सापडतच नाही. रुग्णाशी वागणे हा सर्वस्वी चौथ्या पायरीचा विषय आहे. पुढच्या तीस वर्षांतला बहुतेक वाद या एका गोष्टीभोवती फिरलेला दिसतो.

‘व्यावसायिक वर्तन’ हा परीक्षेचा विषय असू शकतो, हे पाश्चात्त्य संस्थांनी हळूहळू मान्य केले. अमेरिकेतील अंतर्गत-वैद्यक (इंटर्नल मेडिसिन) मंडळाने १९८० च्या दशकातच माणुसकीचे गुण तपासण्याची भाषा सुरू केली होती. कॅनडात १९९६ मध्ये डॉक्टरच्या सात भूमिका ठरल्या. २००२ मध्ये अमेरिकन व युरोपीय संघटनांनी मिळून वैद्यकीय व्यावसायिकतेची सनद प्रसिद्ध केली. सनदा पुष्कळ झाल्या, पण वर्तनाकडे खरोखर लक्ष वेधले ते एका कोरड्या आकडेवारीने.

अमेरिकेतील मॅक्सिन पापाडाकिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. राज्य वैद्यकीय मंडळांनी शिस्तभंगाची कारवाई केलेल्या २३५ डॉक्टरांच्या, आणि तुलनेसाठी कारवाई न झालेल्या ४६९ डॉक्टरांच्या, विद्यार्थिदशेतील फायली त्यांनी तीन वैद्यकीय महाविद्यालयांत जाऊन उघडल्या. महाविद्यालयातच गैरवर्तनाची नोंद झालेली असण्याची शक्यता कारवाई झालेल्यांमध्ये सुमारे तिप्पट निघाली. सर्वात घट्ट संबंध होता तो तीव्र बेजबाबदारपणाशी, म्हणजे सोपवलेले काम वारंवार न करणे किंवा ड्यूटीवर भरवशाचे नसणे, अशा नोंदींशी. त्याखालोखाल स्वतःत सुधारणा करण्याची तयारी नसणे हा दोष होता. कमी गुणांचाही काही संबंध आढळला, पण तो याहून कमकुवत होता. या अभ्यासातली सर्वात महत्त्वाची गोष्ट मला आकड्यांत दिसत नाही. त्या फायलींत शिक्षकांनी काहीतरी लिहून ठेवले होते, म्हणून वीस वर्षांनी कोणाला ते वाचता आले. आपल्याकडे असा अभ्यास करायचा म्हटले तर बहुतेक फायलींत उपस्थितीची टक्केवारी आणि गुण यांपलीकडे फारसे काही मिळणार नाही.

भारतात वैद्यकीय परिषदेने २००२ मध्ये डॉक्टरांसाठी व्यावसायिक आचरण, शिष्टाचार आणि नीतिमत्तेचे नियम लागू केले. ते नोंदणीकृत डॉक्टरांसाठी होते आणि विद्यार्थ्याला ते प्रामुख्याने न्यायवैद्यकशास्त्राच्या पेपरात भेटत. परिषदेच्या २०११ च्या ‘व्हिजन २०१५’ या दस्तऐवजात भारतीय वैद्यकीय पदवीधराच्या पाच भूमिका आल्या : उपचार करणारा, आरोग्यसेवेतील चमूचा नेता व सदस्य, संवाद साधणारा, आयुष्यभर शिकणारा आणि व्यावसायिक. त्यातून २०१८ मध्ये एटकॉमची पुस्तिका तयार झाली. तिच्यात एमबीबीएसच्या सर्व टप्प्यांवर पसरलेली २७ प्रकरणे आहेत. मृतदेहाचा मान राखण्यापासून ते चूक झाल्यास नातेवाइकांना सांगण्यापर्यंतचे विषय त्यात येतात आणि गटचर्चा, स्वतःच्या अनुभवावरचे लेखन, लॉगबुक (केलेल्या कामाची नोंदवही) यांवर भर आहे. २०२० मध्ये परिषदेची जागा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने घेतली, तरी हा भाग टिकला. आयोगाने ऑगस्ट २०२४ अखेर काढलेली नवी मार्गदर्शक तत्त्वे मात्र समलैंगिक संबंधांविषयीच्या जुनाट मजकुरावर टीका झाल्यावर काही दिवसांत मागे घेऊन दुरुस्त करावी लागली. विद्यार्थ्याची वृत्ती तपासणाऱ्या यंत्रणेच्या स्वतःच्या वृत्तीचीच ती तपासणी ठरली, असे म्हणावे लागते.

ग्रामीण विदर्भात या अभ्यासक्रमाची कसोटी कुठे लागते, हे एका नेहमीच्या प्रसंगावरून दाखवता येईल. कपाशीच्या फवारणीच्या दिवसांत कॅज्युअल्टीत विषबाधेचा रुग्ण येतो. फवारताना औषध लागले की माणूस ते प्यायला, यावर उपचाराची तीव्रता, पोलिसांची नोंद आणि पुढचे समुपदेशन अवलंबून असते. सोबत बायको, भाऊ, सासरा आणि शेजारी असतात. सर्वांदेखत मोठ्याने “काय घेतलं होतं?” असे विचारणाऱ्या इंटर्नला “फवारताना लागलं” हेच उत्तर मिळते. रुग्णाजवळ बसून, नातेवाइकांना जरा बाहेर पाठवून, वऱ्हाडीत विचारणाऱ्याला बऱ्याचदा खरे कळते. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरावे व तिला शिक्षा होऊ नये, असे २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो. विद्यार्थ्याला हे कलम पाठ असते, पण घाबरलेल्या कुटुंबाला ते चार वाक्यांत समजावून सांगणे हे वेगळे कौशल्य आहे. सहा मिनिटांच्या ऑस्कीत याचा अंश पाहता येतो, पूर्ण नाही. शिवाय तपासणी यादी माहीत झाली की “नमस्कार, मी डॉक्टर अमुक, आपली परवानगी असेल तर” हे वाक्य सगळेच म्हणतात आणि प्रत्येकाच्या यादीत ती खूण पडते.

भाषेचा प्रश्न याहून गंभीर आहे. गडचिरोलीच्या दक्षिणेकडून माडिया किंवा गोंडी बोलणारा, मेळघाटातून कोरकू बोलणारा, यवतमाळच्या तांड्यांवरून गोरमाटी (बंजारा बोली) बोलणारा रुग्ण येतो. या घरांतून आलेले विद्यार्थीही आता महाविद्यालयांत आहेत. सेमिनारमध्ये इंग्रजीत अडखळणाऱ्या अशा विद्यार्थ्याला संवादकौशल्यात कमी गुण मिळतात आणि वॉर्डात मात्र त्यालाच हाक मारून दुभाष्याचे काम सांगितले जाते. संवादाचे मूल्यमापन रुग्णाच्या भाषेत झाले नाही, तर ते संवादाचे राहत नाही, वक्तृत्वाचे होते.

यातून विद्यार्थ्यांची एक रास्त भीती पुढे येते. वागणुकीवर गुण म्हणजे शिक्षकाच्या मर्जीवर गुण, असे त्यांना वाटते. अंतर्गत गुणांचा धाक दाखवल्याच्या, जात, लिंग किंवा बोलण्याची धाटणी पाहून मत बनवल्याच्या तक्रारी निराधार नसतात. दुसरीकडे शिक्षकही प्रतिकूल शेरा लिहायला कचरतात, कारण पालक येतात, चौकशी लागते आणि एकट्याचे मत एकट्याच्या अंगावर येते. परदेशांत यावर काढलेला मार्ग अनेकांनी, अनेक वेळा, थोडे थोडे लिहिण्याचा आहे. नॉर्सिनी यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या ‘मिनी-सेक्स’ (मिनी क्लिनिकल इव्हॅल्युएशन एक्सरसाइज) पद्धतीत शिक्षक विद्यार्थ्याला खऱ्या रुग्णासोबत थोडा वेळ पाहतो आणि लगेच त्याला काय दिसले ते सांगतो. २००६ मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या क्रूस दांपत्याने व सहकाऱ्यांनी याच धर्तीवर व्यावसायिक वर्तनाचा छोटा नोंदतक्ता तयार केला. याशिवाय सिस्टर, तंत्रज्ञ, सहाध्यायी आणि रुग्ण या सर्वांकडून अभिप्राय घेण्याची पद्धत आहे. आपल्याकडे रात्री अडीचला कोणता इंटर्न उठतो आणि कोणता फोन बंद ठेवतो, हे वॉर्डातल्या मावशींना अचूक ठाऊक असते. त्यांना विचारण्याची रीत मात्र जवळजवळ कुठेच नाही.

२०२२ पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने कुटुंब दत्तक कार्यक्रम देशातील सर्व महाविद्यालयांना लागू केला. पहिल्या वर्षीच विद्यार्थ्याकडे काही कुटुंबे सोपवायची आणि त्याने पुढे त्यांच्याशी संपर्क ठेवायचा, ही त्याची रचना सेवाग्रामच्या जुन्या पद्धतीची आठवण करून देते. फरक असा की तिथे ही गोष्ट राहणीचा भाग म्हणून आली आणि येथे ती लॉगबुकमध्ये सहीसाठी आली. रक्तदाब, वजन, हिमोग्लोबिन यांच्या नोंदी लॉगबुकमध्ये भरल्या जातात. काही महाविद्यालयांची दत्तक गावे बरीच दूर आहेत, बस मिळाली नाही की भेट हुकते आणि रकाने वसतिगृहात बसून भरले जाण्याचा मोह होतो. प्रामाणिकपणा मोजायला काढलेल्या वहीतच खोटे लिहिण्याची सोय व्हावी, हा या व्यवस्थेतला सर्वात नाजूक सांधा आहे. तो जपायचा असेल, तर त्या कुटुंबालाच वर्षातून एकदा विचारावे लागेल : मुलगा किती वेळा आला होता, आजीच्या गोळ्यांचे काय झाले ते त्याने पुढच्या वेळी विचारले का आणि घरात शिरताना तो कोणाशी आधी बोलला.