लाँगबोर्ड : प्रकार आणि निवड

लाँगबोर्ड हा स्केटबोर्डचा एक प्रकार आहे. पायाने ढकलत लांबचे अंतर कापायला, घाटाच्या उतारावरून यायला किंवा लाटेवर असल्यासारखी वळणे घ्यायला तो वापरतात. नावामुळे लांबी हेच त्याचे लक्षण वाटते, पण ३० इंचांहून आखूड लाँगबोर्ड मिळतात आणि चार फुटी फळ्याही मिळतात. खरा फरक चाकांत आणि ट्रकमध्ये असतो. ट्रक म्हणजे फळीखालचा, चाकांची आस धरणारा धातूचा जोड. कसरतींच्या स्केटबोर्डची चाके ५० ते ५६ मिमी. व्यासाची आणि कडक असतात. लाँगबोर्डची चाके साधारण ६५ ते ८० मिमी. व्यासाची आणि मऊ असल्याने बारीक खडीवर अडत नाहीत.

१९५० च्या दशकात कॅलिफोर्नियातले सर्फर समुद्र शांत असला की फळीला रोलर स्केटची चाके ठोकून रस्त्यावर सर्फिंग करू लागले. धातूच्या आणि नंतर मातीच्या मिश्रणाच्या त्या चाकांना पकड नव्हती. छोटा खडा आला तरी चाक जागीच थांबे आणि माणूस पुढे फेकला जाई. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दी यांनी स्केटबोर्डसाठी पॉलियुरेथेन या रबरासारख्या प्लॅस्टिकची चाके बाजारात आणली आणि चित्र पालटले. चाक रस्त्याला धरून राहू लागताच उतारावरच्या वेगाची ओढ वाढली. १९७५ पासून काही वर्षे कॅलिफोर्नियातल्या सिग्नल हिल इथे उतारशर्यती झाल्या. पुढे कसरतींचे दिवस आले आणि लांब फळ्या मागे पडल्या. १९९३ साली सॅन दिएगो परिसरात सुरू झालेल्या सेक्टर नाइनसारख्या कंपन्यांनी त्या पुन्हा दुकानांत आणल्या.

बोर्ड निवडताना लोक आधी लांबी विचारतात. त्याऐवजी फळी जमिनीपासून किती उंच आहे हे पाहावे, कारण बहुतेक गुणदोष त्यातून येतात. ढकलण्यासाठी एक पाय जमिनीला लावताना बोर्डवरचा गुडघा दर वेळी वाकवावा लागतो. पाय घासून थांबतानाही तेच होते. फळी जितकी उंच, तितके हे बसणे खोल, आणि दोन-तीन किलोमीटरनंतर मांडी भरून येते. उंचीचा फायदाही आहे : शरीर थोडे कलले तरी ट्रकवर जोर चांगला येतो आणि बोर्ड चटकन वळतो.

ही उंची मुख्यतः ट्रक कसा बसवला आहे यावरून ठरते. टॉपमाउंटमध्ये ट्रक फळीच्या खाली असतो आणि पाय जमिनीपासून सुमारे १२ सेंमी. वर येतो. मागे निमुळता होत गेलेला, सर्फबोर्डच्या आकाराचा पिनटेल याच जातीचा. दुकानात नजर सर्वांत आधी त्याच्यावर जाते. संथ, लांब वळणांसाठी तो छान आहे. ड्रॉप-थ्रू प्रकारात फळीला आरपार खाच पाडून ट्रकचा तळ वरून बसवतात. पाय दीड-दोन सेंटिमीटर खाली येतात आणि पहिल्याच दिवशी तो फरक जाणवतो. ड्रॉप-डाउनमध्ये फळीचा मधला भागच खाली वाकवलेला असतो. दोन्ही युक्त्या एकत्र केल्या की डबल-ड्रॉप होतो. ढकलायला याच्याइतका सोपा बोर्ड नाही, मात्र त्याला वळवण्यासाठी अंग जास्त टाकावे लागते. दूरच्या प्रवासाला अशा खोलगट फळ्या सोयीच्या पडतात. मायामीजवळच्या होमस्टेड इथल्या मोटारशर्यतीच्या मार्गावर २४ तास ढकलत राहण्याची स्पर्धा होते आणि तिथे काहींनी ३०० मैलांहून अधिक अंतर कापले आहे. २००६-०७ मध्ये ब्रिटिश साहसवीर डेव्ह कॉर्नथ्वेट पर्थहून ब्रिस्बेनला, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, लाँगबोर्डवरून गेले.

उतारासाठीचे, म्हणजे डाउनहिलचे बोर्ड वेगळ्याच विचाराने बनतात. फळी ताठ असते, लवचीक अजिबात नसते, आणि पायाला जागा कळावी म्हणून कडा उचललेल्या असतात. वेगात मोठा धोका डगमगीचा : मागचा ट्रक वळू लागला की बोर्ड डावी-उजवीकडे झोके घेतो आणि प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होतो. म्हणून वजन पुढच्या पायावर ठेवतात आणि मागच्या ट्रकचा कोन पुढच्यापेक्षा कमी ठेवतात, म्हणजे मागची चाके कमी वळतात. २०१७ साली कॅनडातल्या क्वेबेकमध्ये पीट कॉनोली यांनी ताशी १४६.७३ किमी. वेग नोंदवला. या प्रकारात ब्रेक नसतो. चाके आडवी घसरवून वेग मारावा लागतो, त्याला स्लाइड म्हणतात. बर्कलीचे क्लिफ कोलमन यांच्या नावाने ओळखली जाणारी स्लाइड आजही नवख्यांना आधी शिकवतात : बसून, तळव्याला प्लॅस्टिकची कडक चकती लावलेला हातमोजा रस्त्यावर टेकून. ती येत नसेल तर घाटात पाऊल टाकू नये.

फ्रीराइड बोर्ड हे डाउनहिलचे सौम्य भावंड, मध्यम वेगात मुद्दाम घसरण्यासाठी. डान्सिंग बोर्ड ४२ ते ४८ इंच किंवा त्याहून लांब आणि दोन्ही टोकांना सारखा असतो. त्यावर चालत, पाय एकमेकांवरून टाकत नाचायचे असते. नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला या नृत्याचा मेळावा भरतो, आणि दक्षिण कोरियातल्या तरुणींच्या चित्रफितींनी ते जगभर पोचवले. सर्फस्केटचा पुढचा ट्रक इतका मोकळा वळतो की पाय जमिनीला न लावता कंबरेच्या पिळाने पुढे जाता येते. क्रूझर आखूड, शेपूट वर वळलेला आणि बसमध्ये काखेत घेऊन चढण्याजोगा.

पहिला बोर्ड घेणाऱ्याने प्रकाराआधी रस्ता ठरवावा : रोज कुठे चालवणार, तिथले डांबर कसे आहे, चढ-उतार किती. आपल्याकडच्या खडबडीत रस्त्यांसाठी ७० मिमी. किंवा त्याहून मोठी, ७८ए ते ८०ए कडकपणाची चाके हवीत (हा आकडा जितका कमी, तितके चाक मऊ). सपाट रस्त्यावर शिकायचे असेल तर ३६ ते ४० इंची, ड्रॉप-थ्रू, १८० मिमी. रुंद ट्रकचा बोर्ड सुचवावासा वाटतो. तो दिसायला पिनटेलइतका देखणा नसतो, पण थांबायला शिकणे त्यावर सोपे जाते आणि नवख्याला आधी तेच यायला हवे. मॅपलच्या सात-नऊ पातळ थरांची फळी ताठ असते, बांबू आणि फायबरग्लासची लवचीक. लवचीक फळी खड्ड्यांचे हादरे गिळते. तिची लवचीकता चालवणाऱ्याच्या वजनाप्रमाणे निवडतात. ५० किलोच्या माणसाला मऊ वाटणारी फळी ९० किलोच्या माणसाखाली जमिनीकडे झुकते. टॉपमाउंटवर मोठी चाके लावली की तीव्र वळणात चाक फळीला घासून बोर्ड एकदम थांबू शकतो. म्हणून विकत घेण्याआधी फळी एका बाजूला पूर्ण दाबून पाहावी. मुंबई-कोकणातल्या पावसात भिजलेली बेअरिंग त्याच दिवशी काढून पुसावीत, नाहीतर लगेच गंज धरतात. सगळ्यांचे माप ६०८ हेच असल्याने बदली मिळायला अडचण येत नाही.

बोर्ड अंगवळणी पडत नाही म्हणून दुसरा घेण्याआधी बुशिंग बदलून पाहावीत. प्रत्येक ट्रकमधली ही दोन छोटी, रबरासारखी कडी बोर्ड किती सहज कलेल हे ठरवतात, आणि तयार बोर्डमध्ये ती बहुधा सरासरी वजनासाठी असतात. हलक्या माणसाला ती दगडासारखी लागतात, जड माणसाला लोण्यासारखी. योग्य जोडी बसवली की तोच बोर्ड वेगळा वाटतो.